पाटीवरच्या तलवारी

खंडेनवमीला आमच्या गावात ज्याची त्याची हत्यारं पुजली जातात. शेतकरी कोयता-कुऱ्हाड पुजतो, सुतार पटाशी पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो आणि आमच्या हायस्कुलाच्या कचेरीत आम्ही टाइपरायटरवर झेंडूचं फूल ठेवतो. थोरात हवालदार त्या दिवशी गावातल्या पाट्या पुजायचे. एका हातात हळद-कुंकवाचं तबक, खांद्यावर शाळेची शिडी. ज्या संस्थेच्या चिन्हात तलवार, भाला, गदा, त्रिशूळ काही असेल, तिथे शिडी लावायची, चढायचं, चित्रातल्या पात्याला कुंकवाचं बोट लावायचं आणि पाटीच्या खिळ्यात फूल अडकवून उतरायचं.

दूध डेअरीचा मॅनेजर एकदा खालून ओरडला, "अहो हवालदार, रंगाची तलवार आहे ती!"

"रंगाची असंना का. हत्यार ते हत्यार," हवालदार शिडीवरूनच म्हणाले. "कुणाच्या नावावर हाय ही?"

मॅनेजर मान वर करून पाटीकडे बघत राहिला.

"बगा! कुणाच्या नावावर हाय त्ये ठावं न्हाई, आन डोक्यावर टांगून तिच्याखाली दूध मोजत बसलाय."

महिपती थोरात आमच्या शाळेत कवायत शिकवायचे. पासष्टच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी पेन्शन घेऊन आले आणि शाळेत लागले. उंच, काटक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. कॅनव्हासचे बूट शाळेच्या खडूने पांढरे करायचे. त्यासाठी महिन्याला एक खडूची पेटी जादा जाते, हे मला माहीत होतं, कारण शाळेचा हेडक्लार्क मीच. मला सगळे भाऊसाहेब म्हणत, तेही म्हणत.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. आमच्या सातारा-सांगलीच्या रस्त्यावर तेव्हा संस्थांना ऊत आला होता. डेअरी, तालीम मंडळ, नाट्यमंडळ, भगिनी मंडळ, सोसायटी. प्रत्येकाला चिन्ह हवं आणि चिन्हात तलवार हवी. आमच्याकडच्या माणसाला तलवारीशिवाय दूधसुद्धा पचत नाही. ही सगळी चिन्हं काढायचा रहिमतपूरचा मेहबूबभाई रंगारी, आणि ती तपासायचे हवालदार. कुणी नेमलेले नव्हते. स्वखुशीने.

डेअरीच्या चिन्हात मेहबूबभाईने दोन उघड्या तलवारींच्या मध्ये गाय काढली होती. हवालदारांनी विचारलं, "गाईला पहारा हाय का गाईला अटक?" नाट्यमंडळाच्या धनुष्याला दोरी नव्हती. "ह्यो नुसता वाकडा बांबू झाला." तालमीच्या पाटीवर दोन गदा एकमेकींवर टेकवलेल्या. "मारुती एक, गदा दोन. दुसरी कुणाची?" सांगलीच्या एका शाळेच्या बिल्ल्यावर तलवार आणि पुस्तक शेजारी शेजारी होतं. तो बिल्ला त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि दहा मिनिटं माझा पगारपत्रकाचा हिशेब खोळंबवला. "धार बगा भाऊसाहेब, धार. पुस्तकाकडं हाय का न्हाई? पोरगं शिकनार कसं? पान उलटाय गेलं की बोट जायाचं."

तलवारीचं टोक वर असेल तर संस्था तयारीत आहे. टोक खाली असेल तर संस्था शोकात आहे, कारण पलटणीत कुणी गेलं की 'शोक शस्त्र' म्हणून हत्यार उलटं धरतात. म्यानात असेल तर संस्था शहाणी. ढाल पुढे असेल तर संस्थेला मारायचं नाही, वाचवायचंय. ढाल मागे असेल तर ती नुसती शोभेची. हे सगळं ते बोटांवर मोजून सांगत. ऐकणारा हसला तरी त्यांचं काही बिघडत नसे. पण त्यांचा खरा कटाक्ष वेगळाच होता. चिन्हातलं हत्यार नुसतं हवेत तरंगतंय, त्याला धरणारा हात नाही, हे त्यांना अजिबात खपायचं नाही.

"बेवारस हत्यार म्हंजी गुन्हा," ते म्हणत. "आमच्याकडं जवान बंदूक बाजूला ठिवून लघवीला जरी गेला, तरी पिट्टू लागायचं, पाठीव वजन घिऊन पळायचं. आन हितं बगा, अख्ख्या जिल्ह्यात तलवारी लोंबकळत्यात, मानूस कुटंच न्हाई."

सबंध टापूत त्यांना एकच चिन्ह पसंत होतं. साताऱ्यातल्या एका भगिनी मंडळाची अष्टभुजा देवी. "आठ हत्यारं, आठ हात. पुरं भरतंय," असं म्हणून त्यांनी त्या पाटीला सॅल्यूट ठोकला, आणि आतल्या बायका घाबरून बाहेर आल्या.

पाट्या बघायला ते एसटीने लांब लांब जात. एकदा कोयनानगरला गेले. धरणाच्या वसाहतीत कसल्याशा क्लबाची पाटी आहे म्हणाले. घाटात वळणावळणाला उलट्या होऊन दुसऱ्या दिवशी पिवळेधमक परत आले. मी म्हटलं, "कशाला एवढा त्रास घेता?" तर म्हणाले, "इन्स्पेक्शन चुकवून चालत न्हाई."

पोरांचा त्यांच्यावर फार जीव. गावाने ठरवूनच टाकलं होतं की हवालदारांनी लढाई गाजवली. पोरं विचारत, "हवालदार, किती मारलं ओ?" ते म्हणत, "मोजलं न्हाई." आणि पोरं शहारून जात.

खरी गोष्ट मला एकट्याला ठाऊक होती. पेन्शनच्या कागदात खाडाखोड झाली म्हणून ते एकदा माझ्या घरी आले होते. कागद वाचताना मी चमकलो. सगळी नोकरी त्यांनी कोतात काढली होती. पलटणीच्या बंदुका ठेवायच्या कोठीला कोत म्हणतात. तिथे ते बंदुका वाटायचे आणि परत आल्या की मोजून, तेल लावून ठेवायचे. लढाईत गोळी झाडायची वेळ त्यांच्यावर कधीच आली नव्हती.

"पोरास्नी सांगू नगा भाऊसाहेब," ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले. "मी खोटं बोल्लो न्हाई कवा. पर त्यास्नी वाटतंय तसं वाटू द्यावं. तेवढ्यावर सकाळी उठून पळाय येत्यात."

मी शब्द दिला. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. आणि तोच शब्द मी भर सभेत मोडला, तेही अगदी फुटकळ कारणासाठी. ते लिहिल्याशिवाय हवालदारांबद्दल पुढे लिहायचा मला हक्क नाही.

शाळेला पंचवीस वर्षं होत होती. चेअरमन आबांच्या मनात आलं, शाळेला चिन्ह पाहिजे. ढाल, तिच्यावर तलवार आणि लेखणीची फुली. मेहबूबभाईने नमुना करून आणला. समितीची सभा माझ्याच कचेरीत भरली, इतिवृत्त लिहायला मी होतो. हवालदारांना बोलावणं नव्हतं, तरी ते येऊन दारात सावधानमध्ये उभे राहिले.

"परवानगी असंल तर बोलू का?"

"बोला," आबा म्हणाले.

"तलवारीला हात पायजे. लेखणीला बी. न्हाईतर बेवारस दिसतंय. ल्हान पोरं हायती, त्यास्नी कळाय पायजे, हत्यार हाय म्हंजी त्याच्यामागं कुणाचं तरी पोरगं हाय."

"हात काढाय लावू नगा, आबा," मेहबूबभाई घाईने म्हणाला. "वाघ काढतो, हत्ती काढतो, म्हनाल त्यो पुढारी काढतो. हाताची बोटं मातर माजं आईकत न्हाईत." तरी हवालदारांच्या आग्रहावरून त्याने एक नमुना केलाच होता. तो त्याने पिशवीतून काढला. तलवारीच्या मुठीला केळ्याची फणी लटकावी तसा तो हात दिसत होता. सभा खदखदून हसली.

हवालदार हसले नाहीत. "दुसरा काडा. मी हात धरून बसतो तुमच्या म्होरं, बगून काडा. लागंल तेवढा वेळ बसतो." आणि त्यांनी खरंच हात मुठीसारखा करून पुढे धरला.

आबांना जेवायची वेळ झाली होती. ते चिडून म्हणाले, "आवं हवालदार, लढाईत मुंडकी उडवताना तुमी असाच इचार करत हुता काय?"

तेव्हा मी तोंड उघडलं. हेडक्लार्कच्या जागेवर मला कायम करायचा कागद महिनाभर आबांच्या सहीसाठी पडून होता. आबांनी माझ्याकडे बघून हसावं, एवढंच त्या क्षणी माझ्या मनात होतं. मी म्हणालो, "आबा, हवालदार लढाईला होते कुठे? कोठीत बसून बंदुका मोजायचे. किल्ली त्यांच्याकडे, एवढाच त्यांचा पराक्रम."

हशा असा फुटला की बाहेर व्हरांड्यातली पोरं खिडकीला आली. आबा डोळे पुसत म्हणाले, "म्हंजी भांडारी! आन आमी समजत हुतो काय!"

हवालदारांचा पुढे धरलेला हात तसाच राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला, माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊसाहेब बोलले त्ये खरं हाय," आणि पीछे मुड करून निघून गेले.

चिन्ह बिनहाताचं मंजूर झालं. 'साधकबाधक चर्चेअंती एकमताने' असं मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. आठवड्याच्या आत माझ्या कागदावर आबांची सही झाली. ती सही बघून मला व्हायला हवा होता तेवढा आनंद झाला नाही, पण थोडा झाला, हेही लिहून टाकतो.

पोरं त्यांना 'कुलूपवाले' म्हणू लागली. सकाळी पळायला वीस-बावीस पोरं यायची, ती सहा-सातांवर आली. हवालदार कवायत घ्यायचे, घरी जायचे. मात्र रस्त्याने जाताना मान खाली घालून चालायचे. पाट्यांकडे बघत नव्हते.

हे मला मेहबूबभाईने येऊन सांगितलं. तो कचेरीत आला आणि उभ्यानेच बोलला.

"भाऊसाहेब, तुमी लय वंगाळ केलं."

"मी काय—"

"सोसायटीची पाटी रंगवली परवा. म्हातारं जायच्या वक्ताला मी मुद्दाम तलवार उलटी काडली. मूठ वर, टोक खाली, धार वाकडी. म्हटलं आता शिव्या घालंल. त्यो आला, खाली बगत गेला निघून. मंग मी हाक मारली, 'हवालदार, बराबर हाय का?' तर म्हनाला, 'तुमचं तुमास्नी ठावं.' सात वरसं त्या मानसाच्या शिव्या खाल्ल्या मी. आता ब्रश हातात धराय नको वाटतोय."

त्या रविवारी मी माफी मागायला निघालो. हवालदार घरी नव्हते, एसटी स्टँडवर सापडले. धुतलेला खाकी शर्ट, काखेत पिशवी.

"कुठे निघालात?"

"शिराळ्याला. पाटी बगायला."

मला एवढं हायसं वाटलं की मीही गाडीत चढलो. पाट्या बघायला लागले म्हणजे राग गेला, असा मी सोयीचा अर्थ काढला. माफीची वाक्यं मी मनात तीनदा जुळवली. पेठ नाक्याला गाडी बदलली तरी तोंडातून एक निघालं नाही. हवालदार खिडकीबाहेर बघत होते.

शिराळ्यात स्टँडजवळच्या तालमीवर नागाचं चिन्ह होतं आणि त्याच्यामागे दोन भाले. हवालदारांनी त्याच्याकडे ओझरतं बघितलं आणि पुढे चालू लागले.

"झालं इन्स्पेक्शन?" मी विचारलं.

"पाटी बगायला कोन येतंय येवढ्या लांब, भाऊसाहेब," ते म्हणाले. "हितं शंकरचं घर हाय."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. शंकर त्यांच्या पलटणीतला. लढाईला जाताना त्यांच्याच हातून बंदूक घेऊन गेला. कोताच्या वहीत अंगठा उमटवताना म्हणाला, 'हवालदारसाब, परत आल्याव जिलबी देतो.' तो आला नाही. बंदूक आली. दस्ता फुटलेला, नळी वाकलेली.

"मानसं कशी गेली त्ये मी बगितलं न्हाई. मी कोतात हुतो. माज्याकडं नुसत्या बंदुका यायच्या, दुसऱ्याच्या खांद्यावर. नंबर बगितला की कळायचं कोन आलं न्हाई. मी तेल लावायचो आन दुसऱ्याच्या नावावर चडवायचो. शंकरची चडवता आली न्हाई. मोडीत काडली, लाल रेघ वढली."

"मग?"

"पेन्शनीत आल्याव त्याच्या आईला भेटाय आलो. तिनं इचारलं, 'बंदूक तरी आली का रं?' आली म्हटलं. 'मंग आता कुनाकडं हाय?' आता काय सांगू? मोडली म्हनू? म्हटलं, दिली एका पोराला, चांगला हाय. दरसाल येतो, दरसाल ती त्या पोराचं इचारती. त्याला बढती दिऊन नाईक केला मी. लगीन लावलं. आता एक पोरगी बी हाय त्याला." ते थांबले. शर्टाची गुंडी उगाच चाचपली. "कोयनानगरला बी एक घर हाय. तितं कोन काय इचारत न्हाई, नुसता च्या देत्यात."

आम्ही एका गल्लीत वळलो.

"तुमी त्या दिशी बोलला त्ये बराबर हुतं, भाऊसाहेब. लय वरसं गप बसून मान खाल्ला मी. पोरांचा बी आन शंकरच्या आईचा बी. आज सांगून टाकनार हाय तिला. बंदूक मोडली, पोरगं-बिरगं कोन न्हाई. मोकळं व्हायचं."

खरं बोलण्याचा हा धडा त्यांना मीच दिला होता. "अहो, नका," एवढंच मी म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून पुढे चालले.

गल्लीच्या शेवटाला दोन खणांचं घर. शंकरची आई, हौसाबाई, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. डोळ्यांवर मोतीबिंदू चढलेला, पण बुटांच्या आवाजावरून ओळखलं.

"हवालदार व्हय? ये बाबा. आन ह्यो दुसरा कोन?"

"आमच्या शाळंतलं भाऊसाहेब."

"बसा. च्या टाकती." त्या उठल्या नाहीतच. शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि लगेच विचारलं, "पोरगं कसं हाय माजं?"

माजं, म्हणाल्या.

हवालदार बसले नव्हते. अंगणात टाचा जुळवून उभे होते. "आई, मला आज एक सांगायचं हाय. मी कोतातला मानूस. मला लढाईतलं काय ठावं न्हाई. ती बंदूक—"

"काय झालं बंदुकीला?" त्यांचा हात शेंगांतच थांबला. "त्याला काय झालं का?"

हवालदारांनी टाचा पुन्हा जुळवल्या. त्यांनी तोंड उघडलं. पुढचं वाक्य कोणतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि दुसऱ्यांदा, न विचारता, मी मध्ये बोललो.

"काही झालं नाही, आजी. बंदूक उत्तम आहे. परवाच त्याचं पत्र आलं शाळेत. हवालदारांना वाचायला चष्मा सापडेना, म्हणून मीच वाचून दाखवलं."

"पत्र आलं?" त्या माझ्याकडे वळल्या. "काय ल्हिवलंय?"

मी आयुष्यभर सरकारी पत्रं लिहिली, पण एवढं अवघड पत्र कधी लिहिलं नव्हतं. म्हणालो, "लिहिलंय की रोज स्वतः साफ करतो. दुसऱ्याला हात लावू देत नाही. मुलगी चालायला लागली. आणि थोरात हवालदारांनी सगळ्यात चांगली बंदूक मला दिली, असं लिहिलंय."

"देनारच," हौसाबाई म्हणाल्या. "शंकर बी तेच म्हनायचा. ह्यो हवालदार नंबर बगून देत न्हाई, मानूस बगून देतो."

हवालदार माझ्याकडे बघत होते. काय वाटत होतं त्यांना, सांगता येत नाही. मी मान खाली घातली.

हौसाबाई भिंत धरून आत गेल्या आणि काळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन आल्या. "औंदा म्हटलं, बंदुकीला दोरा बांधाय पाटवावा. दिष्ट लागाय नगं."

"बंदुकीला चालत न्हाई आई," हवालदार नकळत बोलून गेले. "साहेब रिपोर्ट करत्याल."

"मंग त्याच्या मनगटाला बांधंल. भाऊसाहेब, हात करा हिकडं. माप घेती."

मी हात पुढे केला. त्यांनी शेंगांच्या टरफलांनी खरबरीत झालेल्या बोटांनी माझ्या मनगटाभोवती दोरा गुंडाळला, चिमटीत धरला आणि हवालदारांना विचारलं, "येवढाच असंल का रं त्यो?"

हवालदार दोन पावलं पुढे आले, माझा हात उलटासुलटा करून बघितला, बिल्ला तपासताना बघायचे तसा.

"न्हाई आई," ते म्हणाले. "ह्ये कारकून हायत, लेखनी धरून धरून वाळल्यात. आपलं पोरगं जरा भरदार हाय. चार बोटं जास्त सोडा."

हौसाबाईंनी चार बोटं मोजली, आणि मग आणखी एक बोट दोरा सोडून दातांनी तोडला.